कौशामायचा रोज

परवा पुण्याहून सुनेचा फोन आला. मयूरी तशी धोरणी पोर, उगाच फोन करत नाही. तिच्या अन्वीला तीन वर्षं सांभाळणाऱ्या सविताताईंचं काम आता सुटलंय, कारण अन्वी शाळेत जायला लागली. पण ती बाई अजूनही दर पंधरवड्याला रविवारची येते, अन्वीशी दोन तास खेळते, तिला भरवते आणि जाते. "आई, तिला पैसे द्यायचे का हो? नाही दिले तर फुकट राबवून घेतल्यासारखं वाटतं, दिले तर तिला वाईट वाटेल की काय असं होतं. सुहास म्हणतोय, फोनवरून पाठवून दे, समोरासमोर नको." सुहास म्हणजे माझा मुलगा. अवघड गोष्ट समोरासमोर करायची नाही हा गुण त्याने वडिलांकडून घेतलाय. मी म्हटलं, उद्या सांगते. एवढ्याशा गोष्टीला सासूला एक दिवस कशाला लागतो, असं मयूरीला वाटलं असणार. तिला काय माहीत, हाच प्रश्न मी आठ वर्षांची असताना आमच्या घरात आला होता आणि त्याचं उत्तर चुकीचं द्यायचं काम माझ्याच हातून झालं होतं.

आम्ही तेव्हा आखाडा बाळापूरला राहायचो. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या, पुढे ओटा, मागे मोरी आणि एक पेरूचं झाड, ज्याचे पेरू पिकेपर्यंत कधी कुणी राहू दिले नाहीत. आई सरकारी दवाखान्यात नर्स. वडिलांचं, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, बाजारपेठेत बी-बियाण्याचं लहानसं दुकान. स्टँड इतकं जवळ की कोणती गाडी लागली हे मी अंथरुणातून इंजिनाच्या आवाजावरून सांगायचे. उन्हाळा तोंडावर आला की गावाबाहेरून हळदीचा ढोल फिरवल्याचा खडखडाट दिवसभर ऐकू यायचा. शिजवून वाळवलेली हळकुंडं त्या ढोलात एकमेकांवर घासून गुळगुळीत होत. वारा आमच्याकडे असला की ओट्यावर वाळत घातलेल्या आईच्या पांढऱ्या साडीवर बारीक पिवळी धूळ बसायची आणि आई ढोलवाल्यापासून वाऱ्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार करायची.

मी तीन महिन्यांची झाले तेव्हा आईची रजा संपली आणि मला कौशामायच्या मांडीवर देण्यात आलं. कौशल्याबाई तिचं नाव. मेंढ्या राखणाऱ्या घरातली. नवरा आणि मुलगा वर्षातले कितीतरी महिने मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचे आणि ती बाळापुरात एकटी असायची. आईपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी. अंगाने काटक, आवाज मात्र रांगडा, समोरच्या डोंगरावरचं मेंढरू वळवायला शोभेल असा. तिच्या लुगड्याला कायम घोंगडीचा वास यायचा. मला अजूनही कुठे लोकरीचा तो उग्र, किंचित आंबूस वास आला की एकदम झोप येते. दवाखान्यातून आई दमून यायची तोवर मी जेवलेली असायचे. दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकर, वर गुळाचा खडा. माझं नाव विजया. तिची जीभ त्यावर वळायची नाही, ती मला 'इजे' म्हणायची. मी आईला आई म्हणायचे आणि तिला माय. आमच्या भागात माय म्हणजे आईच. मला दोघी आहेत, यात मला काही वावगं दिसत नव्हतं. माझ्या आईला दिसत असावं. मला लागलं, खुपलं की तोंडातून 'माय गं' निघायचं आणि त्या वेळी आई हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघायची, एवढं मला आठवतं.

मी दुसरीत गेले तेव्हा कौशामायच्या मुलाचं लग्न झालं आणि ते सगळे डोंगरकड्याला राहायला गेले. तिकडे केळीच्या बागा. बायांना बारा महिने रोजाने काम. मीही आता शाळेत जात होते, त्यामुळे मला सांभाळायला कुणी लागत नव्हतं. सगळं कसं सोयीने झालं. फक्त मी आठ दिवस भाकरीला हात लावला नाही, दुधात कुस्करून नाही की भाजीशी नाही.

पण बाजाराच्या दिवशी ती आली. सकाळच्या गाडीने, हातात पिशवी. म्हणाली, "बाजाराला आलते, म्हनलं लेकराला पाहून घ्यावं." पुढच्या बाजारालाही आली. त्याच्या पुढच्याही. मग महिन्यातून दोन बाजार तरी तिचे ठरलेलेच झाले. ओट्यावर बसायची, खुर्ची दिली तरी भुईवरच. पिशवीतून केळी काढायची. मग मला पुढ्यात ओढून डोक्यात तेल थापायची, उवा बघायची, सापडली तर माझ्याऐवजी शाळेला शिव्या द्यायची. वेण्या इतक्या घट्ट घालायची की माझे डोळे ताणले जायचे. दुपारी जेवायची, जेवल्यावर आमची सगळ्यांची ताटं घासायची, आणि जाताना मी तिला स्टँडवर पोचवायला जायचे. गाडी हलेपर्यंत ती खिडकीत आणि मी खाली. ती मला काहीबाही दटावत असायची, गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत.

एकदा ती गेल्यावर आई अण्णांना म्हणाली, "जाताना तिच्या पिशवीत काही नव्हतं. बाजाराला आले म्हणते आणि मिठाचा खडासुद्धा घेत नाही." अण्णा म्हणाले, "मंग पोरीसाठीच येत असंल." आई म्हणाली, "तेच म्हणते मी. त्या दिवशीचा रोज बुडतो तिचा. वर गाडीभाडं. वर इथे येऊन भांडी घासते. लोक म्हणतील, नर्सबाई फुकटात राबवून घेते." अण्णांना हे पटलं नाही. "पाव्हन्याला कुनी पैशे देतं का? काहून द्यायचे?" "ती पाहुणी आहे का?" आईने विचारलं. अण्णा सुपारी कातरता कातरता म्हणाले, "मला नाही सांगता येत. पण कामवाली बी नाही ना आता."

आज मला आईचं म्हणणं खोटं वाटत नाही. तिला खरंच गरिबाचा रोज बुडवायचा नव्हता. स्वतः पगारावर जगणारी बाई होती ती, कष्टाचं मोल तिला कळत होतं. पण त्याच्या आत आणखी एक गोष्ट होती आणि ती मी आई झाल्यावर मला कळली. पैसे दिले की कौशामाय कामाची बाई राहणार होती. नाही दिले तर मग ती कोण, याचं उत्तर आईला द्यावं लागलं असतं.

पुढच्या बाजाराला आईने जाताना तिच्या हातावर दोनाची नोट ठेवली. "राहू द्या बाई," कौशामाय म्हणाली, आणि आईने आग्रह केला तशी तिने ती नोट घेतली, वाकली आणि माझ्या मुठीत कोंबली. "लेकराकडं रिकाम्या हातानं येऊ नाही." मी खुशीत पेपरमिंटच्या गोळ्यांचा हिशेब करायला लागले. आईने ती नोट माझ्याकडून काढून घेतली. दोन बाजार हाच प्रकार झाला. तिसऱ्या वेळी आईला युक्ती सुचली. तिने नोट माझ्याच हातात दिली आणि बजावलं, "गाडी सुटायच्या वेळेला दे. म्हणावं, आईनं तुझा रोज दिलाय. तुला नाही म्हणायची नाही ती."

मी फार जबाबदार मुलगी होते. सांगितलेलं काम चोख करायची मला हौस होती, त्या हौसेचे तोटे मी पुढे नोकरीतही भोगले. डोंगरकड्याची गाडी बाजारकरी बायांनी भरलेली होती. कौशामाय खिडकीशी बसली. ड्रायव्हर चढला, इंजिन घरघरायला लागलं. इंजिनाच्या वर आवाज जावा म्हणून मी टाचा उंचावून, नोट वर धरून मोठ्यांदा ओरडले, "माय, हा घे तुझा रोज! आईनं दिलाय!"

तिच्या शेजारी एक जाडजूड बाई बसली होती, मांडीवर कोंबडीची पाटी. ती वळून म्हणाली, "अगं बया! रोजानं येतीस व्हय गं कौशे? आमाला त दर बाजारी सांगतीस, लेकीकडं चालले म्हून." मागच्या बाकावरच्या दोघी-तिघी हसल्या. हसणं काही दुष्टाव्याचं नव्हतं, बाजाराहून परतणाऱ्या बाया कशालाही हसतात. कौशामायने हात बाहेर काढून नोट घेतली. घडी केली, कमरेला खोचली. गाडी हलली. मी नेहमीप्रमाणे वळणापर्यंत बघत राहिले, पण तिने मान सरळ ठेवली होती. ती बाहेर बघतच नव्हती.

घरी येऊन मी आईला सांगितलं, घेतली. आई म्हणाली, "बघ, मी म्हटलं नव्हतं?"

पुढच्या बाजाराला ती आली नाही. त्याच्या पुढच्या बाजाराला मी सकाळची शाळा सुटल्याबरोबर पळत आले, ओट्यावर कुणी नव्हतं. डोंगरकड्याची गाडी आली की मी स्टँडवर जाऊन उतरणारं एकेक माणूस बघायचे. त्या कोंबडीवाल्या बाईला एकदा विचारलं, तर ती म्हणाली, "कामाला जाऊन राहिली ना रोज. बरी हाय." म्हणजे आजारीही नव्हती. चार बाजार गेले. माझ्या डोक्यात उवा झाल्या. आई तेल लावायला बसली, तिचा हात मऊ होता, वेणी सैल पडायची, आणि मी ती लगेच सोडून टाकायचे. एका संध्याकाळी मी आईला विचारलं, "तू तिला रोज काहून दिला? मला म्हणायला काहून लावलंस?" आई चुलीपुढून उठली नाही. मी तिला गाडीतल्या बायांचं बोलणं तेव्हा पहिल्यांदा सांगितलं, ते 'लेकीकडं चालले' सुद्धा. आईची भाकर तव्यावर करपली. अण्णांनी करपलेली भाकर गुपचूप स्वतःच्या ताटात घेतली.

त्या रविवारी आईने चांगली साडी नेसली आणि मला घेऊन डोंगरकड्याच्या गाडीत बसली. तिला असं कुणाच्या दारात जायची सवय नव्हती. नर्स म्हणून ती गावोगाव फिरायची, पण तेव्हा हातात औषधाची पेटी असायची आणि लोक उठून उभे राहायचे. त्या दिवशी तिच्या हातात काहीच नव्हतं, त्यामुळे हात कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं.

कौशामायचं घर वस्तीच्या टोकाला, मातीचं, लख्ख सारवलेलं. मागे मेंढरांचा वाडा. आम्हाला बघून ती घाबरली नाही की हरखली नाही. घोंगडी अंथरली, "बसा बाई" म्हणाली. तकलीफ झाली का येताना, विचारलं. आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "विजया, पानी पी." इतकी वर्षं न वळलेली तिची जीभ त्या दिवशी अगदी बरोबर वळली. मी तांब्या तसाच खाली ठेवला.

तिने धपाटी थापली. तिळाची चटणी, घट्ट दही, कांदा फोडून. आई घोंगडीवर मांडी घालून जेवली. तिने दुसरं धपाटं मागून घेतलं, हे मी कधी पाहिलं नव्हतं. आई कुणाच्याही घरी अर्ध्या भाकरीच्या वर जायची नाही. बोलणं चाललं होतं ते केळीचं, सुनेच्या बाळंतपणाचं, पावसाचं. खरं बोलायचं ते तसंच राहिलं होतं. उन्हं कलली, गाडीची वेळ झाली. आम्ही उठलो तेव्हा कौशामाय आत गेली, डब्यातून काहीतरी काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. तीच दोनाची नोट. घडीसुद्धा मोडली नव्हती.

"हा तुझा रोज."

मी म्हटलं, "कशाचा?"

"दिसभर बसलीस न्हवं माझ्याजवळ. अभ्यास बुडाला. घे."

मला आधी राग आला आणि मग रडू. मी नोट भुईवर टाकली. "मी काय कामाला आले का इथं? मी तुला भेटायला आले!"

"मंग म्या काय कामाला येत होते, इजे?"

इजे म्हणाली. मी तिच्या लुगड्यात तोंड घातलं आणि भोकाड पसरलं. माझ्या डोक्यावर तिचा हात होता आणि ती माझ्या डोक्यावरून आईला सांगत होती, रागाने नाही, बाजारात भाव सांगावा इतक्या सरळ. "बाई, मला पैशाची गरज न्हाई असं न्हाई. गरज हाय. कामाला बोलवा, येईन. कुरडया करायला बोलवा, गहू निवडायला बोलवा. पुरा रोज घेईन, चार आने कमी दिले तर भांडून घेईन. पर लेकराला भेटायला आले तो दिस माझा हाय. त्यो इकत देनार न्हाई म्या."

आई म्हणाली, "चुकलं माझं." एवढंच. तिच्या तोंडून हे दोन शब्द मी त्याआधी आणि त्यानंतर कधीही ऐकले नाहीत.

कौशामायने भुईवरची नोट उचलून माझ्यासमोर धरली, मी हात मागे घेतला, तेव्हा तिने ती परत डब्यात टाकली. मग ती देवळीतला कुंकवाचा करंडा घेऊन आली. आईच्या कपाळाला तिने हळद लावली, कुंकू लावलं आणि पदर पसरायला सांगून त्यात पाच मुठी ज्वारी आणि केळ्यांची फणी घातली. आमच्याकडे सवाष्ण घरी आली की निघताना तिला कुंकू लावतात, ओटी भरतात. यात नवल काहीच नाही, शेजारीण मीठ मागायला आली तरी कुंकवाचं बोट लावतात. आई मात्र पदर धरून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. का, ते मला परतीच्या गाडीत कळलं. ती खिडकीबाहेर बघत स्वतःशीच म्हणाली, "सात-आठ वर्षं ती आपल्या दारातून गेली. मी तिला एकदाही कुंकू लावलं नाही गं."

गल्लीतल्या सगळ्या बायांना आई लावायची. कौशामाय कामाला होती म्हणून लावायचं राहिलं, आणि कामाची नव्हती तेव्हाही तसंच राहिलं. हळदीच्या गावात राहून आम्ही ही चूक केली.

पुढे ठरल्याप्रमाणे चाललं. बाजाराच्या दिवशी कुणी पैशाचं नाव काढायचं नाही. अण्णा फक्त स्टँडवर जाऊन कंडक्टरकडून तिचं तिकीट काढायचे, पाहुण्याचं काढतात तसं, आणि ती त्यांच्याशी दर वेळी भांडायची, पाहुणे भांडतात तसंच. पण तिचा रोज बुडायचा तो बुडायचाच, कुंकवाने तो भरून येत नव्हता. हे आईला टोचत असणार, कारण आमच्या घरी अचानक कामं निघायला लागली. तीन माणसांच्या घरात इतके पापड, इतक्या कुरडया, इतक्या शेवया होऊ लागल्या की अण्णा म्हणायचे, दुकानात बियाण्याऐवजी हेच ठेवतो. गल्लीतल्या चार घरांनी वर्षभर आमचे पापड खाल्ले. कौशामायला काय ते कळत होतं. ती त्या दिवशीचा पुरा रोज हातावर वाजवून घ्यायची, आणि त्या दिवशी मात्र माझ्या वेण्या घालायची नाही. "आज कामाला हाय म्या," म्हणायची.

मयूरीला मी हेच सांगितलं. म्हटलं, रविवारी ती येते तेव्हा तुम्ही दोघं बाहेर जाता का, तिच्या भरवशावर पोर टाकून? ती म्हणाली, "कधी कधी." म्हटलं, मग त्या वेळेचे पैसे दे, आधी ठरवून, पुरते दे. तो तिच्या कामाचा दिवस. आणि ती नुसती पोरीला भेटायला येईल तेव्हा तू घरात थांब, तिच्यासोबत जेव, आणि अन्वीला घेऊन तिला बसस्टॉपपर्यंत पोचवायला जा. फोनवरून काही पाठवू नकोस. "एवढंच?" मयूरी म्हणाली. एवढंच. आमच्या आईला एवढंच करायला आठ वर्षं लागली.

पण डोंगरकड्याहून आम्ही परत आलो त्यानंतरचा पहिला बाजार सांगायचा राहिला. कौशामाय आली. तेल, वेण्या, जेवण, सगळं झालं. ती ताटं उचलायला वाकली तशी आईने तिच्या हातातून ती काढून घेतली. निघताना आईने तिला कुंकू लावलं नाही, ओटीही भरली नाही. मी आईकडे बघतच राहिले, मला वाटलं, विसरली की काय. आई म्हणाली, "चल, मीही येते स्टँडवर." तिच्या हातात पदराखाली काहीतरी झाकलेलं होतं.

डोंगरकड्याची गाडी लागलेली होती, बायांनी भरलेली. कोंबडीवाली बाई होतीच. कौशामाय चढायला लागली तशी आई म्हणाली, "थांबा." आजवर ती तिला 'अगं कौशाबाई' म्हणत आली होती. आईने पदराखालून करंडा काढला. दवाखान्याच्या पांढऱ्या साडीत, सगळ्या गावासमोर, एसटीच्या दारात तिने कौशामायला हळदकुंकू लावलं, तिच्या पदरात खण, नारळ आणि ओंजळभर गहू घातले आणि वाकून तिच्या पाया पडली. कंडक्टर घंटी द्यायची विसरला. खिडक्यांतून बायांच्या माना बाहेर आल्या होत्या. आईने त्यांच्याकडे बघितलं नाही, पण आवाज त्यांना जाईल इतका मोठा काढला.

"पुढच्या बाजाराला लवकर या. लेक वाट बघते तुमची."

 कौशामाय आत जाऊन खिडकीशी बसली, दोन्ही हातांनी ओटी धरून. कोंबडीवाल्या बाईने सरकून तिला जागा दिली. गाडी हलली, वळणाकडे निघाली, आणि ती पूर्ण मागे वळून आमच्याकडे बघत राहिली.